बहिष्काराआधीची नऊ वर्षं : माँटगोमेरीच्या विमेन्स पोलिटिकल कौन्सिलचं प्रकरण

१ डिसेंबर १९५५ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात, माँटगोमेरी शहरात, रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला आणि त्यांना अटक झाली. पुढची गोष्ट बहुतेक वाचकांना ठाऊक असते. कृष्णवर्णीयांनी बसवर बहिष्कार टाकला, मार्टिन ल्यूथर किंग नावाचा तरुण धर्मोपदेशक पुढे आला आणि वर्षभराने कायदा बदलला.

या गोष्टीतला एक दुवा मात्र नेहमी गळतो. अटक गुरुवारी संध्याकाळी झाली आणि सोमवारी सकाळी शहरभर बस जवळजवळ रिकाम्या धावल्या. मधे जेमतेम तीन दिवस. वर्तमानपत्र गोऱ्यांचं, नगरपालिका गोऱ्यांची, आणि गरीब वस्त्यांतल्या कितीतरी घरांत फोनसुद्धा नाही. एवढ्या माणसांपर्यंत निरोप पोचला कसा? आणि पोचला तरी, रोज सकाळी पोटासाठी बस पकडणाऱ्या माणसांनी तो ऐकला कसा?

उत्तर शोधायचं तर १९४६ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी त्या शहरातल्या काही कृष्णवर्णीय प्राध्यापिका आणि शिक्षिकांनी एक संघटना काढली होती : विमेन्स पोलिटिकल कौन्सिल. बसबहिष्कार हा या संघटनेच्या नऊ वर्षांच्या कामाचा शेवटचा टप्पा होता, असं माझं ठाम मत आहे. ते काम होतं निवेदनं देण्याचं, तक्रारी नोंदवण्याचं, मतदार नोंदणीचं, नगरपालिकेत पुन्हा पुन्हा जाऊन बसण्याचं. वस्तीपातळीवर धोरण बदलून घेण्यासाठी झटणाऱ्या कुणालाही हे प्रकरण बारकाईने वाचण्यासारखं आहे, यशासाठीही आणि त्यातल्या चुकांसाठीही.

बस कोणाची होती

माँटगोमेरीच्या बसमध्ये ३६ आसनं असत. पुढची १० गोऱ्यांसाठी राखीव, मागची १० कृष्णवर्णीयांसाठी. मधली १६ ड्रायव्हरच्या मर्जीवर. गोरे प्रवासी वाढले की ड्रायव्हर मधल्या रांगा मागे मागे सरकवत नेई आणि बसलेल्यांना उठायला लावी. पुढची दहाच्या दहा आसनं रिकामी असली आणि मागे माणसं दाटीवाटीने उभी असली, तरी पुढे बसायची सोय नव्हती. शहराच्या नियमाने ड्रायव्हरला बसपुरते पोलिसाचे अधिकार दिले होते, त्यामुळे त्याच्याशी वाद म्हणजे थेट कायद्याशी वाद.

त्याहून जिव्हारी लागणारी रीत वेगळीच होती. कृष्णवर्णीय प्रवाशाने पुढच्या दाराने चढून पैसे टाकायचे, खाली उतरायचं, आणि चालत मागच्या दाराशी जाऊन तिथून आत यायचं. कधीकधी तो मागे पोचायच्या आत बस निघून जाई. पैसे गेलेले, बसही गेलेली.

या बसच्या प्रवाशांपैकी तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय होते आणि त्यांत बायकांचा भरणा मोठा होता. कारण साधं आहे. त्या शहरात नोकरी करणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांपैकी निम्म्याहून अधिक घरकामगार होत्या. गोऱ्यांच्या वस्त्यांत स्वयंपाक, धुणं, मुलं सांभाळणं यासाठी त्यांना दिवसातून दोनदा बस लागे. आसनव्यवस्था हा कागदावर वाहतुकीचा विषय असेल, पण त्याचा काच सोसत होत्या त्या मुख्यतः कामावर जाणाऱ्या बायका. तो प्रश्न सगळ्यांत आधी बायकांच्याच संघटनेने हाती घेतला, यात म्हणूनच नवल नाही.

संघटना कशी उभी राहिली

मेरी फेअर बर्क्स या अलाबामा स्टेट कॉलेजात इंग्रजी विभागाच्या प्रमुख होत्या. रस्त्यावर एका गोऱ्या बाईशी झालेल्या किरकोळ वादावरून पोलिसांनी त्यांना पकडलं. आपलं शिक्षण, आपलं पद यातलं काहीही आपल्याला वाचवू शकत नाही, हे त्यांना त्या दिवशी लख्ख कळलं. त्यातच डेक्स्टर ॲव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक व्हर्नन जॉन्स यांनी सुस्थितीतल्या आपल्याच श्रोत्यांच्या आत्मसंतुष्टपणावर एका प्रवचनात कोरडे ओढले. बर्क्सबाईंनी ओळखीच्या बायकांना बोलावलं. पहिल्या बैठकीला सुमारे चाळीस जणी आल्या. बहुतेक शिक्षिका, प्राध्यापिका, म्हणजे शहरातला शिकलेला मध्यमवर्ग.

पहिला नियम असा की सभासद बाईने आधी स्वतःचं नाव मतदारयादीत नोंदवायचं. हे बोलायला सोपं होतं. अलाबामात नोंदणीसाठी लेखी चाचणी होती, मतदान-कर होता, आणि अर्ज नाकारायला अधिकाऱ्याला कोणतंही कारण पुरत असे. मग या बायकांनी अर्ज कसा भरायचा याचे वर्ग घेतले, लोकांना सोबत घेऊन न्यायालयाच्या इमारतीत गेल्या, नाकारलेल्यांना पुन्हा नेलं. शाळकरी मुलांसाठी नागरी कारभार शिकवणारा उपक्रम चालवला. १९५५ पर्यंत संघटनेच्या तीन शाखा झाल्या होत्या, प्रत्येकीत शंभराच्या आसपास सभासद, शहराच्या वेगवेगळ्या भागांत. वस्त्यांनुसार पसरलेली ही रचना पुढे फार कामी आली.

१९४९ मध्ये जो ॲन रॉबिन्सन त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवायला आल्या. जॉर्जियातल्या एका शेतकरी कुटुंबातलं हे बारावं अपत्य. त्या डिसेंबरात नाताळच्या सुटीसाठी विमानतळावर जाताना त्या बसमध्ये चढल्या. बस जवळजवळ रिकामी होती. विचारांच्या नादात त्या पुढून पाचव्या रांगेत बसल्या. ड्रायव्हर बस थांबवून त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला आणि मारायला उगारावा तसा हात मागे घेऊन ओरडला. त्या रडत खाली उतरल्या. सुटीहून परतल्यावर त्यांनी कौन्सिलच्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा कुणालाच धक्का बसला नाही. इथे हे असंच चालतं, असं त्यांना सांगण्यात आलं. पुढच्याच वर्षी रॉबिन्सनबाई संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि बस हा विषय कौन्सिलच्या कामाच्या मध्यभागी आला.

निवेदनांची वर्षं

मला या प्रकरणात सर्वांत शिकण्यासारखा वाटतो तो हा टप्पा, आणि नेमका हाच सांगताना वगळला जातो.

कौन्सिलने तक्रारी जमवल्या. कोणत्या मार्गावर, काय घडलं, कोणाबरोबर. मग महापौर डब्ल्यू. ए. गेल आणि बस कंपनी यांच्याशी बैठका मागितल्या. मागण्या तीन होत्या. रिकाम्या आसनांशेजारी कोणाला उभं राहावं लागू नये : कृष्णवर्णीयांनी मागून पुढे आणि गोऱ्यांनी पुढून मागे बसत यावं. पुढे पैसे भरून मागच्या दाराने चढायची सक्ती बंद व्हावी. आणि गोऱ्यांच्या वस्तीत बस प्रत्येक कोपऱ्यावर थांबते तशी आमच्या वस्तीतही थांबावी.

पहिल्या मागणीतलं शहाणपण लक्षात घ्या. वेगळेपणा मोडा, असं ती म्हणत नाही. चालू कायद्याच्या चौकटीत जे बसतं आणि दुसरीकडे चालू आहे, तेवढंच मागते. मोबाइल हे अलाबामातलंच शहर, तिथे हीच पद्धत होती. आपल्याच राज्यात जमतं ते इथे का जमू नये, या प्रश्नाला नगरपालिकेकडे उत्तर नव्हतं.

तीनपैकी थांब्यांची मागणी मान्य झाली. लहान यश वाटेल, पण पहाटे कामावर निघालेल्या किंवा दिवसभर उभं राहून संध्याकाळी परतणाऱ्या बाईला दोन कोपरे कमी चालावं लागणं म्हणजे काय, हे तिला विचारावं. आणि कौन्सिलच्या शब्दाने काहीतरी हलतं, हे वस्त्यांनी डोळ्यांनी पाहिलं.

मग २१ मे १९५४ चं पत्र. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा ब्राउन खटल्याचा निकाल १७ मे रोजी लागला होता आणि चारच दिवसांनी रॉबिन्सनबाईंनी महापौरांना लिहिलं. सुरुवात आभाराची : बैठक दिलीत, थांबे वाढवलेत. मग उरलेल्या मागण्या. मग एक हिशेब : या गाड्यांचे तीनचतुर्थांश प्रवासी आम्ही आहोत, आम्ही चढलो नाही तर गाड्या चालणार नाहीत. आणि मग माहिती दिल्याच्या सुरात एक वाक्य की पंचवीस किंवा त्याहून अधिक स्थानिक संघटनांत शहरव्यापी बहिष्काराची चर्चा आहे. आम्हाला तो मार्ग नको, आपण सामोपचाराने मिटवू, असाच पत्राचा एकूण सूर आहे.

एवढं सभ्य आणि एवढं स्वच्छ इशारापत्र मी क्वचितच वाचलं आहे. त्यात आदळआपट नाही, आर्जव नाही. समोरच्याला त्याचं नुकसान आकड्यात दाखवलंय आणि मान राखून माघार घ्यायला वाटही ठेवलीय. रोझा पार्क्स यांच्या अटकेच्या दीड वर्ष आधीचं हे पत्र आहे. बहिष्काराची कल्पना त्या अटकेतून अचानक उगवली, हे म्हणणं या एका कागदाने खोटं ठरतं.

मतपेटीचा मार्गही त्यांनी आजमावला होता. १९५३ मध्ये कृष्णवर्णीय मतांच्या आधाराने डेव्ह बर्मिंगहॅम शहराचा कारभार पाहणाऱ्या नगर आयोगावर निवडून आले आणि १९५४ मध्ये शहरात पहिले कृष्णवर्णीय पोलीस नेमले गेले. १९५५ च्या फेब्रुवारीत बेन मूर हॉटेलात सगळ्या उमेदवारांना बोलावून प्रश्नावली हातात देण्यात आली. बसची आसनव्यवस्था त्यात पहिली होती. पण क्लाइड सेलर्स नावाच्या उमेदवाराने त्याच प्रश्नावलीचं भांडवल केलं, गोऱ्या मतदारांना भीती घातली आणि बर्मिंगहॅमना पाडलं. अल्पसंख्य मतांची ताकद दिसली तशीच तिची मर्यादाही दिसली. उरलं ते गिऱ्हाईक म्हणून हाती असलेलं बळ. तिथे ते तीनचतुर्थांश होते.

क्लॉडेट

२ मार्च १९५५. क्लॉडेट कोल्व्हिन, वय पंधरा, शाळेतून घरी निघालेली. जागा सोडायला नकार दिला. पोलिसांनी ओढत खाली उतरवलं, हातकड्या घातल्या आणि मोठ्यांच्या तुरुंगात नेऊन टाकलं.

कौन्सिलची तयारी होती. आता बहिष्कार पुकारावा, असं काहींचं म्हणणंही होतं. शहरातले इतर पुढारी, विशेषतः ई. डी. निक्सन, यांनी मुलीचा अंदाज घेतला आणि नको म्हटलं. वय लहान. घर गरीब, वस्ती गरीब. रंग गडद. बोलणं फटकळ. पुढे त्या उन्हाळ्यात ती गरोदर राहिली आणि नंतरच्या काळात तेच एक कारण सांगण्याची पद्धत पडली, पण नकार त्याआधीच ठरला होता. सगळं शहर या एका मुलीमागे उभं राहील याची खात्री नाही, असं कौन्सिलमध्येही अनेकींना वाटलं. ऑक्टोबरात मेरी लुईस स्मिथ या अठरा वर्षांच्या मुलीला अटक झाली. तिच्या वडिलांच्या दारूबद्दल एक खोटी अफवा उठली होती, तेवढ्यावर तीही बाजूला पडली.

हा निर्णय व्यवहारी होता, हे मला मान्य आहे. गोऱ्या पंचांपुढे आणि गोऱ्या वर्तमानपत्रांपुढे बोट ठेवायला जागा नसलेलं माणूस हवं होतं. पण व्यवहार दोन कोवळ्या वयाच्या गरीब मुलींच्या अंगावर शेकला, हेही तितकंच खरं. मध्यमवर्गीय संघटना ज्यांच्यासाठी लढते त्यांच्यातलीच कोण दाखवण्यासारखी आणि कोण नाही, हे ठरवायला लागते, तेव्हा ती अपमानाची तीच उतरंड नकळत आपल्या घरात आणते. कौन्सिलच्या कामाबद्दल मनात नितांत आदर ठेवूनच मी हे लिहितो आहे.

गुरुवारची रात्र

रोझा पार्क्स ४२ वर्षांच्या, एका मोठ्या दुकानात शिवणकाम करणाऱ्या, नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव राहिलेल्या. शहरात त्यांच्याबद्दल वावगा शब्द काढणारं कोणी नव्हतं. त्यांच्या अटकेची बातमी त्या रात्री वकील फ्रेड ग्रे यांच्याकडून रॉबिन्सनबाईंना कळली. बैठक घेऊन ठराव करायला वेळ नव्हता आणि गरजही नव्हती. पत्रकं वाटायची आखणी कौन्सिलने कित्येक महिने आधी करून ठेवली होती. तारीख तेवढी भरायची बाकी होती.

मध्यरात्री त्या कॉलेजात गेल्या. वाणिज्य विभागाचे प्रमुख जॉन कॅनन यांच्या ताब्यात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. बसचा कडू अनुभव त्यांनाही होता, त्यामुळे समजवावं लागलं नाही. दोन विश्वासातले विद्यार्थी मदतीला आले. स्टेन्सिल कापली, कागद वाचावा म्हणून एका पानावर मजकूर तीनदा बसवला आणि यंत्र फिरवायला सुरुवात केली. मजकूर असा : आणखी एका बाईला जागेवरून उठली नाही म्हणून तुरुंगात टाकलंय. क्लॉडेट कोल्व्हिनच्या प्रकरणानंतर हे पुन्हा घडलंय. पुढची पाळी तुमची असेल, तुमच्या मुलीची, आईची. सोमवारी खटला आहे. त्या दिवशी बसमध्ये बसू नका.

क्लॉडेटला बाजूला ठेवलं होतं, तरी पत्रकात तिचं नाव आलं.

पहाटे चारच्या सुमाराला हजारो पत्रकं छापून, कापून, गठ्ठे बांधून तयार होती. उरलेल्या वेळात कोणता गठ्ठा कुठे, कोण घेणार, कधी घेणार हे ठरलं. सकाळी आठला बाईंचा तास होता, तो त्यांनी घेतला. मग त्या विद्यार्थ्यांना गाडीत घेऊन निघाल्या. शाळांच्या फाटकाशी, दुकानांत, केशकर्तनालयांत, ब्यूटी पार्लरांत, कारखान्यांपाशी सभासद बायका थांबलेल्या होत्याच. शुक्रवारी दुपारपर्यंत पत्रक शहरभर झालं.

पत्रकावर ते काढणाऱ्या कोणाचंही नाव नव्हतं. कॉलेज सरकारी होतं, पगार राज्याच्या तिजोरीतून येत होता, आणि सरकारी कागद सरकारविरुद्ध वापरला गेला होता. कॉलेजचे अध्यक्ष ट्रेनहोम यांनी त्यांना बोलावून घेतलं. आधी ते संतापले. मग त्यांनी ऐकून घेतलं आणि काम चालू ठेवा म्हणाले, पण कॉलेज यात दिसता कामा नये, अशी ताकीद दिली. कागदाचे पैसे कौन्सिलने भरून टाकले.

रविवारी माँटगोमेरी ॲडव्हर्टायझर या दैनिकाने पहिल्या पानावर बातमी छापली. गोऱ्या वाचकांना सावध करण्यापेक्षा ती ज्यांना पत्रक मिळालं नव्हतं त्या कृष्णवर्णीयांनाच जास्त उपयोगी पडली. पोलीस आयुक्तपदी बसलेल्या सेलर्स यांनी बसमागे पोलीस धाडण्याची घोषणा केली, आणि बसकडे वळू पाहणारे उरलेसुरलेही पोलीस बघून मागे फिरले.

सोमवार, ५ डिसेंबर. न्यायालयात पार्क्स यांना १० डॉलर दंड आणि ४ डॉलर खर्च. दुपारी बहिष्कार चालवण्यासाठी माँटगोमेरी इम्प्रूव्हमेंट असोसिएशन स्थापन झाली, सव्वीस वर्षांचे किंग अध्यक्ष झाले. संध्याकाळी होल्ट स्ट्रीट चर्चमध्ये हजारो लोक लोटले आणि एका दिवसाचा बहिष्कार पुढे चालू ठेवायचं ठरलं. रोझा पार्क्स व्यासपीठावर होत्या. त्यांना बोलायला सांगितलं गेलं नाही.

धर्मोपदेशक पुढे आणि प्राध्यापिका मागे, हे का झालं, याची दोन कारणं आहेत आणि दोन्ही खरी. चर्चच्या धर्मोपदेशकाचा पगार त्याचे अनुयायी देतात, गोरा अधिकारी त्याला नोकरीवरून काढू शकत नाही. सरकारी कॉलेजातल्या बाईला एका आदेशात घरी बसवता येतं. हे कारण स्वतः रॉबिन्सनबाईंनी मानलं होतं. दुसरं कारण असं की त्या समाजातही पुढारी म्हटला की पुरुषच डोळ्यांसमोर येई.

३८१ दिवस कोणी चालवले

पहिल्या बोलणीत असोसिएशनच्या मागण्या कौन्सिलच्या जुन्या मागण्यांहून फारशा वेगळ्या नव्हत्या : सभ्य वागणूक, मागून पुढे बसण्याची पद्धत, आणि कृष्णवर्णीय वस्त्यांच्या मार्गांवर कृष्णवर्णीय ड्रायव्हर. बोलणी करणाऱ्यांत रॉबिन्सनबाई होत्या. कंपनीच्या वकिलाने हे दिलं तर तुम्ही जिंकल्याची फुशारकी माराल, असं म्हणून नकार दिला. तेवढं त्या दिवशी दिलं असतं तर पुढचा मोठा खटला कदाचित झालाच नसता.

मग शहर चालायला लागलं. कृष्णवर्णीयांच्या टॅक्सी सुरुवातीला बसच्या भाड्यात, दहा सेंटांत, माणसं नेत होत्या. नगरपालिकेने ४५ सेंटांचा किमान दर सक्तीने लावून ते बंद पाडलं. त्यावर सुमारे तीनशे खासगी मोटारींची व्यवस्था उभी राहिली, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. रॉबिन्सनबाई कॉलेजचे तास सांभाळून गाडी चालवत, असोसिएशनचं वार्तापत्र काढत. पोलीस त्यांना एकामागून एक दंडाच्या पावत्या फाडत. एका रात्री त्यांच्या खिडकीवर दगड आला, नंतर एकदा पोलिसी गणवेशातल्या दोघांनी मोटारीवर आम्ल टाकून पत्र्याला भोकं पाडली, असं त्यांनी पुढे लिहिलं आहे. गोऱ्या गृहिणी आपल्या घरकामगार बायकांना आणायला-सोडायला स्वतः गाडी काढू लागल्या, तेव्हा महापौरांनी त्यांना हे थांबवा म्हणून जाहीर सुनावलं. गृहिणींनी ऐकलं नाही. धुणीभांडी कोण करणार, हा प्रश्न महापौर सोडवणार नव्हते.

ज्युलिएट मॉर्गन या गोऱ्या ग्रंथपाल बाईंनी १२ डिसेंबरच्या ॲडव्हर्टायझरमध्ये पत्र लिहून या चालणाऱ्यांची तुलना गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली. बहिष्काराचा पहिला आठवडा तेव्हा जेमतेम उलटला होता. त्या पत्रापायी त्यांचा अतोनात छळ झाला.

आणि जॉर्जिया गिलमोर. ही बाई प्राध्यापिका नव्हती, कौन्सिलच्या वर्तुळातली नव्हती. उपाहारगृहात स्वयंपाक करायची, मुलं वाढवायची. ऑक्टोबर १९५५ मध्येच तिने एकटीने बस सोडली होती : पैसे टाकले, ड्रायव्हरने मागच्या दाराने ये म्हटलं, ती मागे पोचेपर्यंत बस निघून गेली. बहिष्कार सुरू झाल्यावर तिने आणखी बायका गोळा केल्या. घरी तळलेलं कोंबडीचं मांस, सँडविच, केक, ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थ करायचे आणि विकायचे, ब्यूटी पार्लरांत, सभांत, अगदी गोऱ्या गिऱ्हाइकांनाही. पैसा मोटारींच्या पेट्रोलाला. गटाचं नाव ठेवलं, ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. कोणी विचारलं पैसे कुठून आले, तर उत्तर खरंच द्यायचं : ‘कुठूनच नाही’. बायकांची नावं एकट्या गिलमोरबाईला ठाऊक, त्यामुळे कोणाची नोकरी जायची भीती नाही. सोमवारच्या सभेत ती रक्कम जाहीर करी तेव्हा लोक उठून उभे राहत. शहराच्या दुसऱ्या भागात आयनेझ रिक्स यांनी फ्रेंडली क्लब काढला आणि दोन्ही गटांत जास्त कोण जमवतं याची चढाओढ लागली.

मार्च १९५६ मध्ये किंग यांच्यावरच्या खटल्यात गिलमोरबाईने उघड साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. तिने घरच्या स्वयंपाकघरात खाणावळ सुरू केली, किंगही तिथे जेवायला आणि बैठकांना येऊ लागले. कौन्सिलला नऊ वर्षांत जे जमलं नव्हतं, म्हणजे प्राध्यापिका आणि स्वयंपाकीण एकाच कामाच्या दोन बाजू होणं, ते या वर्षभरात झालं.

ब्राउडर विरुद्ध गेल

रोझा पार्क्स यांचं अपील राज्याच्या न्यायालयांत रखडणार, हे फ्रेड ग्रे यांना दिसत होतं. १ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांनी फेडरल न्यायालयात स्वतंत्र दावा लावला आणि त्यात पार्क्स यांचं नाव मुद्दाम घेतलं नाही. वादी होत्या ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनल्ड, क्लॉडेट कोल्व्हिन आणि मेरी लुईस स्मिथ. म्हणजे ‘योग्य’ नाहीत म्हणून बाजूला सारलेल्या त्या दोघी मुली आता घटनेच्या दाव्यात उभ्या होत्या. प्रतिवादी महापौर गेल, तेच, ज्यांच्या नावाने कौन्सिलने ते सभ्य पत्र लिहिलं होतं.

मे महिन्यात साक्षी झाल्या. किंग यांनी सगळ्यांना फितवलं, हे शहराच्या वकिलाला वदवून घ्यायचं होतं. त्याने क्लॉडेटला विचारलं, तुमचा पुढारी कोण? आमचे पुढारी आम्हीच, असं तिने उत्तर दिलं. वय सोळा, पदरात काही आठवड्यांचं मूल.

५ जूनला दोन विरुद्ध एक मतांनी निकाल लागला : बसमधला वर्णभेद घटनाबाह्य. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याच दिवशी माँटगोमेरीतलं न्यायालय मोटारींची व्यवस्था बंद पाडणारा आदेश देत होतं. अंमलबजावणीचा हुकूम शहरात पोचेपर्यंत लोक पायीच चालले. २१ डिसेंबर १९५६ ला ते पुन्हा बसमध्ये चढले. काही दिवसांतच बसवर गोळीबार सुरू झाला आणि रोझा जॉर्डन नावाच्या गरोदर बाईच्या दोन्ही पायांना गोळ्या लागल्या.

किंमत

रोझा पार्क्स यांची नोकरी गेली आणि १९५७ मध्ये त्यांनी शहर सोडून डेट्रॉइट गाठलं. १९६० मध्ये अलाबामा स्टेटच्या विद्यार्थ्यांनी उपाहारगृहांतल्या वर्णभेदाविरुद्ध धरणं धरलं, तेव्हा राज्य सरकारने कॉलेजच्या अध्यापकांमागे चौकशीचा ससेमिरा लावला. जो ॲन रॉबिन्सन आणि मेरी फेअर बर्क्स दोघीही त्या वर्षी कॉलेज सोडून गेल्या. रॉबिन्सनबाई लुइझियानात एक वर्ष काढून लॉस एंजेलिसला गेल्या आणि १९७६ पर्यंत तिथल्या शाळांत शिकवत राहिल्या.

चालत्या संघटनेचा कणा असलेल्या शिक्षिका अशा विखुरल्या आणि कौन्सिल विरली. ज्या सरकारकडून धोरण बदलून घ्यायचं त्याच्याच पगारावर कार्यकर्त्यांचं घर चालत असेल, तर संघटनेला दुसरा आधार आधीच लागतो. असोसिएशनला तो चर्चकडून मिळाला होता, गिलमोरबाईने तो चुलीवर उभा केला होता. कौन्सिलकडे तो नव्हता.

बहिष्काराच्या प्रत्येक पातळीवर राबणारं, न थकणारं माणूस म्हणून किंग यांनी स्वतः रॉबिन्सनबाईंचं नाव घेतलं होतं. तरी त्यांच्या आठवणी पुस्तकरूपाने यायला १९८७ उजाडलं. क्लॉडेट कोल्व्हिनच्या नावावरची बालगुन्हेगारीची नोंद माँटगोमेरीच्या न्यायालयाने पुसली ती २०२१ मध्ये, तिच्याच अर्जावरून. तेव्हा ती ८२ वर्षांची होती.